एक पाकीट २१२ ग्रॅमचं निघालं, ते काढू की ठेवू?

पत्र:

काकू, नमस्कार. मी इंदूरला सुदामा नगरात राहते आणि सांवेर रोडवर एका नमकीनच्या कारखान्यात पॅकिंगची क्वालिटी बघते. शेवेची २०० ग्रॅमची पाकिटं भरायला चार महिन्यांपूर्वी नवीन मशीन घेतलं, विकणाऱ्यांनी लेखी दिलंय की पाकिटांच्या वजनाचं स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी, म्हणजे वजनं सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप) ३ ग्रॅमच्या वर जाणार नाही. मला पटत नव्हतं म्हणून एका दुपारी लागोपाठ २५ पाकिटं तोलली. सरासरी आली २०१.२ आणि एसडी ३.८. आधी सरासरी तपासणारी टी-टेस्ट लावली, १.५८ आलं, म्हणजे पास. मग कळलं की एसडीसाठी काय-स्क्वेअर लावतात, ते ३८.५ आलं. दोन्ही बाजूंनी बघितलं तर वरची हद्द ३९.३६, म्हणजे मशीन पास. एकाच बाजूनं बघितलं तर हद्द ३६.४२, म्हणजे नापास. त्यात सतरावं पाकीट २१२ ग्रॅमचं आहे, तेव्हाच वर हॉपरमध्ये, म्हणजे माल ओतायच्या पेटीत, नवीन घाणा ओतला होता. ते एक काढलं तर एसडी ३.१३ वर येतो आणि सगळंच पास. मेकॅनिक म्हणतो ‘मॅडम, वो एक पैकेट हटा दो, मशीन एकदम सेट है’, शेठ म्हणतात सरासरी २०० च्या वर आहे ना मग कशाला डोकं लावतेस, आणि माझ्यासोबत काम करणारा मुलगा म्हणतो की तुला हवं ते उत्तर येईपर्यंत तू टेस्ट बदलतेयस. हे शेवटचं मला फार लागलं. मी चुकतेय का?

उत्तर:

बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि आकडे कागदावर परत मांडून बघितले, २४ (पाकिटं उणे एक) गुणिले ३.८ चा वर्ग, भागिले ३ चा वर्ग, ३८.५१, गणित बरोबर आहे तुझं. पण त्या मुलाचं बोलणं तुला लागलं ना, ते उगाच नाही लागलं, त्यात अर्धं खरं आहे, आणि शेठ आणि मेकॅनिक नंतर बघू, आधी तेच घेऊ कारण तुझी सगळी गाडी तिथेच अडकलीय.

एका बाजूची टेस्ट की दोन्ही बाजूंची, हे आकड्यांना विचारायचं नसतं, प्रश्नाला विचारायचं असतं. विकणाऱ्यानं काय लिहून दिलंय? ३ च्या वर जाणार नाही. ३ च्या खाली गेला, २ आला, दीड आला, तर तुझी काही तक्रार आहे का? नाही ना, उलट पेढे वाटशील. म्हणजे तुझा प्रश्न पहिल्या दिवसापासून एका बाजूचाच होता, नल हायपॉथेसिस, म्हणजे आधी खरं धरून चालायचं ते, ‘एसडी ३ किंवा कमी’, समोरची ‘३ पेक्षा जास्त’, आणि हद्द ३६.४२. ही टेस्ट बरोबर आहे, दोन्ही बाजूंची इथे लागूच नाही. पण तू केलंस काय, आधी दोन्ही बाजूंची लावलीस, ३९.३६ बघितलं, मन खट्टू झालं, आणि मग एका बाजूवर आलीस. बरोबर जागी पोचलीस पण चुकीच्या रस्त्यानं, आणि बघणाऱ्याला रस्ताच दिसतो. उद्या विकणाऱ्याच्या माणसानं विचारलं की हे आधी ठरवलं होतं का, तर तुला खोटं बोलावं लागेल किंवा गप्प बसावं लागेल, दोन्ही नको. म्हणून माझं मत असं की या २५ पाकिटांवर भांडू नकोस. ही पाकिटं वाया गेली नाहीत, त्यांनी तुला काय शोधायचं ते सांगितलंय, पण निकाल नव्या पाकिटांवर लावायचा.

आता ते ३८.५ म्हणजे नक्की काय, हे तुझ्या मनात पक्कं असायला हवं, कारण शेठना तुलाच समजवायचंय. मशीन खरंच ३ ग्रॅमवालं असेल आणि तू रोज २५-२५ पाकिटं तोलून हा आकडा काढत बसलीस तर तो २४ च्या आसपास फिरेल, कधी १८, कधी ३०, कधी २२. साधारण ७ इकडे-तिकडे होणं हे त्याचं रोजचं हलणं. शंभरातल्या पाच दिवशी तो नुसत्या नशिबानं ३६.४२ ओलांडेल. तुझा ३८.५ त्याच्याही पुढे आहे, पी-व्हॅल्यू ०.०३ च्या आसपास. बस एवढंच. मशीन खराब आहे याची ९७ टक्के खात्री वगैरे असं काही त्याचा अर्थ नाही हं, बरेच जण तसं बोलून जातात, तू बोलू नकोस. मशीन चांगलं असतं तर इतका मोठा आकडा शंभरात तीनेक वेळा आला असता, एवढंच ते सांगतं.

कॉलेजात तुम्हाला जो काय-स्क्वेअर शिकवतात ना, चौकटीत मोजणी लिहून अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांची तुलना, तो कार्ल पिअर्सनचा १९०० सालचा. इथला वक्र, म्हणजे नुसत्या नशिबानं कोणता आकडा किती वेळा येईल ते दाखवणारी रेघ, तोच पण काम वेगळं, आणि या कामाचं गणित त्याच्याही आधी १८७६ मध्ये हेल्मर्ट नावाच्या जर्मन माणसानं करून ठेवलं होतं, तो पृथ्वी मोजायच्या शास्त्रातला होता, मोजमापातल्या चुका किती पसरतात हा त्याचा रोजचा प्रश्न. हे सांगायचं कारण, एक्सेलमध्ये काय-स्क्वेअर टेस्ट नावाचं जे फंक्शन आहे ते चौकटीवालं आहे, त्यात तुझी वजनं टाकलीस तर काहीतरी भलतंच येईल. तुला वक्राचं उजवीकडचं शेपूट देणारं फंक्शन हवं, त्यात ३८.५१ आणि २४ टाकायचे. आणि एसडी काढताना सॅम्पलवालं घे, एन (पाकिटांची संख्या) उणे १ नं भागणारं.

शेठचं म्हणणं पटकन उरकते. दिवाळीला दोन जावा बेसनाचे लाडू वळायला बसल्या, दोघींच्या ताटातल्या लाडवांची सरासरी ४० ग्रॅम, एकीचे सगळे ३८ ते ४२ आणि दुसरीचा एक सुपारीएवढा तर एक लिंबाएवढा. सरासरीनं या दोघींत फरक कळणारच नाही, टी-टेस्ट लावून तू तेच विचारलंस, तिनं प्रामाणिकपणे उत्तर दिलं की सरासरी ठीक आहे. गिऱ्हाईक काही सरासरी विकत घेत नाही, एक पाकीट घेतं. पॅकबंद मालाच्या नियमांत २०० ग्रॅमच्या पाकिटाला ९ ग्रॅमपर्यंत कमी खपवून घेतात, म्हणजे १९१ च्या खाली गेलं की ते पाकीट गुन्हेगार. सरासरी २०१.२ असताना एसडी ३ असेल तर दहा हजारांत तीन-चार पाकिटं १९१ च्या खाली जातील, एसडी ३.८ असेल तर छत्तीस. दहा पट. पण थांब, हा हिशोब आत्ताच शेठपुढे नेऊ नकोस, कारण तो घंटेच्या आकाराच्या वक्रावर, म्हणजे नॉर्मल वितरणावर उभा आहे, आणि तुझं ते सतरावं पाकीट नेमकं तिथेच अडतं.

या पाकिटावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

बघ काय झालंय. २५ पाकिटांचं सरासरीपासूनचं अंतर वर्ग करून बेरीज केली तर ती ३४६.५६ होते. त्यातले २०१.२ पासून २१२ चे १०.८, वर्ग ११६.६४, म्हणजे पंचवीसातलं एक पाकीट एक-तृतीयांश बेरीज एकटं उचलून बसलंय. ते काढलं की काय-स्क्वेअर ३८.५ वरून धाडकन २५ वर येतो, २४ पाकिटांची हद्द ३५.१७, पी-व्हॅल्यू ०.३५. काठावरचा पास नाही, चांगला आरामात पास. सरासरीवरच्या टेस्टमध्ये एका पाकिटानं इतकी उलथापालथ सहसा होत नाही, तिथे अंतर साधं मोजलं जातं, इथे वर्ग होतं, आणि वर्गानं लांबचं माणूस फार मोठं दिसायला लागतं. १९५३ मध्ये जॉर्ज बॉक्सनं हेच दाखवलं की प्रसरणावरच्या, म्हणजे व्हेरियन्सवरच्या टेस्ट डेटा नॉर्मल नसला की किती हळव्या होतात. आणि यातली वाईट गोष्ट अशी की पाकिटं वाढवली तरी हा हळवेपणा जात नाही. सरासरीच्या बाबतीत पाकिटं वाढवली की डेटा थोडा वाकडा असला तरी चालून जातं, तसं इथे होत नाही, शेपूट जाड असेल तर हजार पाकिटं तोलूनही तुझी पाच टक्क्यांची हद्द खरी पाच टक्क्यांची राहत नाही. पुस्तकात एक ओळ असते, ‘समष्टी नॉर्मल आहे असे मानू’, समष्टी म्हणजे मशीनमधून निघणारी सगळी पाकिटं, मी इतकी वर्षं शिकवताना बघत आले, मुलं ती ओळ देवाला नमस्कार केल्यासारखी लिहून पुढे जातात. या टेस्टमध्ये तीच ओळ घर आहे, बाकी सगळं सामान.

मग काढायचं का ते पाकीट? नाही. मेकॅनिक म्हणतो म्हणून तर अजिबात नाही. ते पाकीट मशीनमधूनच निघालं ना, काट्यावर पाय ठेवला गेला नव्हता, आकडा लिहिताना २०२ चं २१२ झालं नव्हतं, हे आधी तपासून घे, पाकीट बाजूला ठेवलं असेल तर परत तोल. तसं काही नसेल तर ते खरं पाकीट आहे, आणि खरं पाकीट फक्त गैरसोयीचं आहे म्हणून काढायचं नसतं. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला एका कारखान्यात, नाव नको, असाच एक आकडा वरिष्ठांच्या सांगण्यावरून खोडलेला आहे. पेन्सिलीनं हलकी रेघ मारली होती, मला ती रेघ अजून दिसते. पुढे तोच बिघाड पुन्हा निघाला आणि तेव्हा वहीत बघायला गेलो तर पहिली खूण आम्हीच पुसलेली.

पण नुसतं ठेवायचंही नाही, त्याला विचारायचं की तू कुठून आलास. आणि इथे तू फार मोलाची गोष्ट लिहिलीयस, नवीन घाणा ओतला तेव्हाच ते निघालं. तुमचं मशीन मापाच्या कपानं भरणारं असेल तर ते वजन बघतच नाही, आकार बघतं, कप भरला की पाकिटात. अख्खी शेव कपात पोकळ बसते, चुरा गच्च बसतो. पिंप उलटं केलं की तळाचा चुरा वर येतो, वरून माल आदळतो, खालचा दाबला जातो, आणि त्या एका-दोन कपांत तेवढ्याच जागेत जास्त वजन. तसं असेल तर तुझ्याकडे एक पसरट मशीन नाहीये, तुझ्याकडे बऱ्यापैकी नीट चालणारं मशीन आहे आणि घाणा ओतला की पडणारी एक उडी आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघींचा इलाज वेगळा. पहिलीसाठी विकणाऱ्याला बोलवायचं, दुसरीसाठी हॉपर अर्धा रिकामा व्हायच्या आधीच थोडा थोडा माल ओतायचा आणि चुरा चाळून. शेठचा पैसाही इथेच जातोय, त्या एका पाकिटामुळे सरासरी २००.७५ वरून २०१.२ झाली, दर पाकिटाला ०.४५ ग्रॅम, दर पंचविसात एक अशी उडी खरंच पडत असेल तर दहा हजार पाकिटांना साडेचार किलो शेव फुकट. हे त्यांना सांग, काय-स्क्वेअर नंतर सांगितलास तरी चालेल.

आता नवीन तोलणी. लागोपाठ २५ घेऊ नकोस, लागोपाठची पाकिटं सख्ख्या भावंडांसारखी असतात, एकाच घाण्याची, एकाच तासाची, आणि सकाळी मशीन थंड असताना काय होतं ते त्यात येतच नाही. दर तासाला १० अशी दहा तासांची मिळून १०० घे, दोन दिवस लागू देत. १०० ऐकून घाबरू नकोस, त्याचं कारण सांगते. मशीनचा खरा एसडी ३.८ असेल आणि तू २५ च तोललीस तर ही टेस्ट त्याला पकडेल याची शक्यता फक्त निम्म्याच्या जरा वर आहे, नाणं उडवल्यासारखं. ५० ला साधारण तीन-चतुर्थांश. १०० ला पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास. एसडी हा आकडा लवकर स्थिरावत नाही, तुझे २५ तोलूनही ३.८ च्या मागे खरा एसडी कुठे आहे विचारलं तर ९५ टक्क्यांचा पट्टा २.९७ ते ५.२९ असा येतो, एवढ्या रुंद पट्ट्यावर कुणाशी काय भांडणार. म्हणूनच २५ वर ‘पास’ आलं असतं तरी त्यानं मशीन चांगलं ठरलं नसतं, एवढंच की पकडता आलं नाही. १०० वर हद्द १२३.२३ आहे, म्हणजे तुझा एसडी ३.३५ च्या वर आला की विकणाऱ्याला फोन. २५ वर हीच रेघ ३.७० ला होती, फरक बघ.

काटा कोणता वापरतेस ते लिहिलं नाहीस. १ ग्रॅमचा असेल तरी चालेल, त्या गोळाबेरजेनं ३ चा ३.०१ होतो, नगण्य. ५ ग्रॅमवर उड्या मारणारा किराणावाला काटा असेल तर मात्र नको, तो एकटाच ३ चा ३.३ करून टाकतो आणि दोष मशीनवर जातो. रोज सकाळी वजन ठेवून तपासून घे, आणि रिकाम्या पाकिटाचं वजन वजा करायला विसरू नकोस.

प्रत्येक पाकिटासमोर वेळ लिही आणि घाणा ओतला की बाणाची खूण कर. मग आलेखाच्या कागदावर ठिपके मांड, एक ग्रॅमला एक घर, हातानं मांड, कंप्युटर असला तरी. मध्ये ढीग आणि दोन्हीकडे उतरत गेलेला दिसला तर काय-स्क्वेअर बिनधास्त लाव. उजवीकडे वेगळे ठिपके सांडलेले दिसले आणि ते सगळे बाणांपाशीचे निघाले तर टेस्टचा आकडा मुख्य बातमी राहिलीच नाही, बाण हीच बातमी. आणि तासातासाची सरासरीच सरकत असेल, सकाळी २०० आणि संध्याकाळी २०३, तर तो सरकण्याचा भागही तुझ्या एसडीत येऊन बसतो. विकणाऱ्यानं लिहून दिलेले ३ ग्रॅम एका सेटिंगवर लागोपाठ भरलेल्या पाकिटांचे की अख्ख्या शिफ्टचे, हे त्याच्याकडून तोलायच्या आधीच लिहून माग, नंतर विचारलंस तर तो सोयीचं सांगेल.

ढीग घंटेसारखा नसेल आणि तरी आकडा हवाच असेल तर एक देशी वाटणारा पण पक्का उपाय आहे. १०० वजनांच्या १०० चिठ्ठ्या डब्यात टाक, एक काढ, लिही, परत टाक, असं १०० वेळा, त्याचा एसडी काढ. हे कंप्युटरला पाच हजार वेळा करू दे आणि खालचे पाच टक्के सोडून एसडी कुठून सुरू होतो बघ, तो ३ च्या वर असेल तर तुझं म्हणणं टिकतं. एफ्रननं १९७९ मध्ये याला बूटस्ट्रॅप नाव दिलं. २५ वर हे करू नकोस, एका २१२ वर ते पण डगमगतं.

आणि कारखान्यात बसून हे करतेयस म्हणून कमी वाटून घेऊ नकोस हं. तू लावलीस ती टी-टेस्ट १९०८ मध्ये गिनेसच्या दारूभट्टीत नोकरी करणाऱ्या गॉसेटनं काढली, ‘स्टुडंट’ या टोपणनावानं, कारण त्यालाही थोड्याच नमुन्यांवर निकाल द्यावा लागायचा.

तर पहिलं पाकीट काट्यावर ठेवायच्या आधी एक कागद कर. त्यावर लिही की दावा ३ किंवा कमी, टेस्ट एका बाजूची, पाच टक्के, पाकिटं १००, हद्द १२३.२३, आणि फाटलेलं किंवा सील न लागलेलं पाकीट सोडून कुठलंही काढायचं नाही, तेही कारण लिहून. तारीख टाक. त्या मुलाची त्यावर सही घे, आणि हॉपरपाशी उभं राहून बाण मारायचं काम त्यालाच दे.